ओपनड्रिफ्ट: नदीचं दूषित पाणी समुद्रात कुठे जातं हे शोधताना

नदीतून आलेलं सांडपाणी समुद्रात शिरल्यावर कुठे जातं, कोणत्या किनाऱ्याला लागतं आणि तिथे पोचेपर्यंत त्यात काय उरतं, हे काढून देणारी सॉफ्टवेअर्स बरीच आहेत. त्यातलं ओपनड्रिफ्ट मी कामासाठी नेहमी वापरते. किनारी प्रदूषणाचं मॉडेलिंग नव्यानं शिकणारं कोणी विचारायला आलं, तर सुरुवात ह्यापासूनच करा असं सांगते. एक गोष्ट मात्र सोबत सांगावीच लागते. ह्याच्या मूळच्या सेटिंग्ज पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूंच्या हिशेबानं ठेवलेल्या आहेत आणि नदीचं प्रदूषण बहुतेक वेळा पाण्यात विरघळलेलं किंवा गाळाला चिकटलेलं असतं. त्या सेटिंग्ज तशाच ठेवून चालवलं तर नकाशा देखणा येतो, उत्तर मात्र भलत्याच प्रश्नाचं मिळतं.

आधी हे काय आहे ते थोडक्यात. ओपनड्रिफ्ट नॉर्वेच्या हवामान संस्थेत तयार झालं. ते पायथनमध्ये लिहिलेलं आहे, मुक्तस्रोत आहे आणि त्याची ओळख करून देणारा शोधनिबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. नॉर्वेत तेलगळती झाली किंवा समुद्रात कोणी बेपत्ता झालं, की शोधाची दिशा ठरवायला हेच वापरतात. कल्पना सरळ आहे: समुद्रात हजारो काल्पनिक कण सोडायचे आणि प्रवाह, वारा, लाटा त्यांना कुठे नेतात ते पावलापावलानं मोजत जायचं. तेलासाठी वेगळं मोड्यूल, माणूस किंवा होडी शोधण्यासाठी वेगळं, माशांच्या अंड्यांसाठी, प्लॅस्टिकसाठी, गाळासाठी वेगळं. २०२३ साली केमिकलड्रिफ्ट ह्या रसायनांसाठीच्या मोड्यूलवरचा निबंध आला. त्यात एखादं सेंद्रिय रसायन पाण्यात किती विरघळलेलं राहतं, गाळाच्या कणांना किती चिकटतं, किती विघटित होतं आणि किती उडून जातं, ह्याचाही हिशेब आहे. नदीच्या प्रदूषणावर काम करणाऱ्यांना हे मोड्यूल फार उपयोगाचं आहे.

इन्स्टॉल करणं कोंडा (conda) हे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन वापरून सोपं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

ह्यात मला सगळ्यात आवडते ती कामाची वाटणी. ओपनड्रिफ्ट स्वतः समुद्राचे प्रवाह काढत नाही. ते दुसऱ्या मॉडेलनं काढून ठेवलेल्या फाईलमधून घेतं आणि फक्त कणांचा प्रवास सांगतं. त्यामुळे एकच प्रवास आज एका मॉडेलच्या प्रवाहावर आणि उद्या दुसऱ्याच्या प्रवाहावर चालवून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवता येतात. ती जुळली तर जरा भरवसा वाटतो. नाही जुळली तर गाडं कुठे अडलंय ते लगेच कळतं. मोठ्या मॉडेलमध्ये प्रवाह आणि प्रदूषण एकत्रच सुटत असेल, तर हीच तुलना करायला आख्खं गणित पुन्हा लावावं लागतं. इथे साध्या लॅपटॉपवरही असा प्रयोग होतो.

पण ह्या वाटणीमुळे जबाबदारी आपल्यावर येते. प्रवाहाची फाईल कुठली दिली, ह्यावर सगळं अवलंबून आहे.

नदीच्या मुखाशी नेमकं काय घडतं ते पाहिलं की हे पटेल. गोड्या पाण्याचा एक घनमीटर साधारण १,००० किलो भरतो, समुद्राच्या पाण्याचा १,०२५ च्या आसपास. एवढ्याशा फरकानं नदीचं पाणी समुद्रात बुडत नाही. ते वरच्या काही मीटरांत पातळ थरासारखं पसरतं आणि खालचं खारं पाणी जवळपास वेगळंच राहतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हा थर उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो आणि किनाऱ्याला धरून वाहू लागतो. ऱ्हाइनचं पाणी नेदरलँड्सच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकतं ते त्यामुळेच. मग वारा येतो आणि गणित बदलतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची कोलंबिया नदी घ्या. उन्हाळ्यात उत्तरेकडून वारा वाहतो, तेव्हा तिचं पाणी नैर्ऋत्येला खुल्या समुद्रात पसरतं. हिवाळ्यात दक्षिणेकडून वारा आला की तेच पाणी वॉशिंग्टनच्या किनाऱ्याला बिलगून उत्तरेकडे जातं. नदी तीच, मुख तेच, प्रदूषण तेच, पण ते कोणाच्या दारी जाणार हे ऋतूवर ठरतं. ह्यावर भरती-ओहोटीचा हेलकावा: उधाणाच्या दिवसांत गोडं आणि खारं पाणी जोरानं घुसळलं जातं, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, थर पुन्हा वेगळे पडतात.

हे सगळं तुम्ही दिलेल्या प्रवाहाच्या फाईलमध्ये आहे का, हा पहिला प्रश्न. जागतिक मॉडेलांची फुकट मिळणारी फाईल बहुधा १/१२ अंशाची असते, म्हणजे मॉडेल समुद्राची ज्या चौकटींत वाटणी करतं त्यातली एक चौकट विषुववृत्ताजवळ जवळपास ९ किलोमीटरची. अर्धा किलोमीटर रुंद मुख असलेली नदी, तिची खाडी, तिचा वाळूचा दांडा आणि शेजारची पुळण हे सारं त्या एका चौकटीत सामावतं. त्या चौकटीला प्रवाहाचा एकच वेग. अनेक जागतिक मॉडेलांत नदीचा विसर्गही महिन्याच्या सरासरीनं दिलेला असतो, त्यामुळे पुराच्या तीन दिवसांत आलेला लोंढा त्यात दिसतच नाही. फाईलमध्ये प्रवाह दिवसाच्या सरासरीचे असतील तर भरती-ओहोटी पुसली गेलेली असते. ओपनड्रिफ्ट अशी फाईल निमूटपणे वाचतं आणि कण हलवून दाखवतं. कण गुळगुळीत रेषेत जाताना दिसतात, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. मी तरी मुखापासून २०-३० किलोमीटरच्या आतल्या कुठल्याही प्रश्नाला जागतिक फाईल वापरून उत्तर देत नाही. तिथे रॉम्स किंवा डेल्फ्टथ्रीडीसारखं स्थानिक मॉडेल, नदीच्या रोजच्या विसर्गासकट आणि क्षारतेसकट, आधी चालवावं लागतं. ते काम मोठं आहे आणि ओपनड्रिफ्टमुळे ते वाचत नाही. वाचतं ते त्याच्यानंतरचं.

आता सेटिंग्ज. हा भाग मी सविस्तर लिहिणार आहे, कारण खरी गडबड इथेच होते.

वाऱ्यापासून सुरू करू. ओपनड्रिफ्टमधलं ओशनड्रिफ्ट हे मूळ मोड्यूल पृष्ठभागावरच्या कणाला वाऱ्याच्या वेगाच्या २ टक्के इतका जादा वेग देतं. बाटली, फळी, फेस, तेलाचा तवंग ह्यांना ते रास्त आहे. पण ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वारा असेल तर २ टक्के म्हणजे सेकंदाला २० सेंटिमीटर. दिवसाला सुमारे १७ किलोमीटर! पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटला वारा असा ढकलू शकत नाही. वाऱ्यानं वरचं पाणी हलतं हे खरं, पण ती हालचाल प्रवाहाच्या फाईलमध्ये आधीच आलेली असते. मग तोच वारा दोनदा मोजला जातो आणि प्रदूषण प्रत्यक्षापेक्षा कितीतरी लवकर किनाऱ्याला लागल्याचं दिसतं. विरघळलेल्या पदार्थासाठी हा आकडा शून्य करायचा. उलटपक्षी वाऱ्याची फाईल द्यायची राहूनच गेली, तरी गणित थांबत नाही. वारा शून्य धरून ते पुढे चालतं. प्लॅस्टिकचा प्रवास काढताना हे लक्षात राहिलं नाही तर उत्तर विरुद्ध बाजूनं चुकतं.

दुसरी सेटिंग किनाऱ्याची. कण जमिनीला टेकला की त्याचं काय करायचं, हे तीन पर्यायांतून निवडता येतं. मूळ पर्याय आहे स्ट्रँडिंग: कण किनाऱ्याला लागला, तिथेच अडकला, त्याचा प्रवास संपला. ओंडक्याचं असंच होतं. सांडपाणी मात्र वाळूवर चढून बसत नाही, ते लाटेबरोबर परत फिरतं आणि किनाऱ्यालगतच घोटाळत राहतं. स्ट्रँडिंग ठेवलं तर किनाऱ्याजवळच्या पाण्यातून प्रदूषण झपाट्यानं नाहीसं होतं, आणि पुळणीवर पोहायला उतरणाऱ्यांच्या दृष्टीनं तोच पट्टा महत्त्वाचा असतो. इथे प्रीव्हियस हा पर्याय घ्यावा. त्यात कण जमिनीवर गेला तर त्याला आधीच्या जागी परत ठेवलं जातं.

तिसरी गोष्ट नवख्याला सहसा दिसतच नाही. कण सोडायची जागा जमिनीवर पडत असेल तर ओपनड्रिफ्ट तो आपणहून जवळच्या समुद्रात नेऊन ठेवतं. ही सोय मुळात चांगली आहे. पण सोबत येणारी किनारपट्टी जागतिक आहे. अरुंद खाडी तिच्यात जमीन म्हणून भरलेली असू शकते. तुम्ही खाडीच्या चार किलोमीटर आतलं गटाराचं तोंड दिलंत तर कण खाडीबाहेर, कधी भलत्याच बाजूला जाऊन पडतात. लॉगमध्ये, म्हणजे चालताना होणाऱ्या नोंदींमध्ये, त्याची ओळ येते, पण लॉग वाचतं कोण? म्हणून गणित लावायच्या आधी फक्त सुरुवातीचे कण नकाशावर काढून पाहायचे. स्थानिक मॉडेल हाताशी असेल तर जागतिक किनारपट्टी बंद करून त्या मॉडेलचीच जमीन वापरायला सांगता येतं, आणि तेच बरं.

चौथी, फैलावाची. ओशनड्रिफ्टमध्ये आडव्या फैलावाचा आकडा मुळात शून्य असतो. म्हणजे एका बिंदूवर एका क्षणी सोडलेले हजार कण एकाच वाटेनं, एकमेकांवर बसून जातात. प्रत्यक्षात मॉडेलच्या चौकटीहून लहान भोवरे पाणी पसरवत असतात आणि ते आकड्यानं द्यावं लागतं. कुठला आकडा द्यायचा? समुद्रशास्त्रज्ञ अकिरा ओकुबो ह्यांनी १९७१ साली समुद्रात सोडलेल्या रंगांच्या प्रयोगांची मोजमापं एकत्र मांडली. फैलावाचा वेग पाण्यात पसरलेल्या रंगाच्या ढगाच्या आकाराबरोबर वाढतो हे त्यातून दिसलं. त्यांच्या सूत्रानं १ किलोमीटरच्या ढगाला सेकंदाला साधारण अर्धा चौरस मीटर येतो, १० किलोमीटरच्या ढगाला सुमारे ८. मी नेहमी १ आणि १० अशा दोन्ही आकड्यांवर चालवते. १ घेतला तर एका दिवसात ढग दोन्ही बाजूंना साधारण ४०० मीटर फुगतो, १० घेतला तर १,३०० मीटर. एखादी पुळण पहिल्यात वाचते आणि दुसऱ्यात सापडते, असं झालं तर अहवालात दोन्ही नकाशे गेले पाहिजेत.

उभं मिसळणंही मुळात बंद असतं. कण पृष्ठभागावर सोडले की पृष्ठभागावरच राहतात. नदीच्या पाण्यासाठी ते चालू करायचं आणि कण वरच्या दोन-तीन मीटरांत विखरून सोडायचे. गाळासाठी कण खाली बसण्याचा वेगही द्यायचा. इथे एक मर्यादा आहे. नदीतली बारीक माती खाऱ्या पाण्याला भेटली की तिचे पुंजके बनतात आणि ते सुट्या कणांपेक्षा लवकर तळाशी बसतात. गाळाला चिकटलेली शिसं, जस्त यांसारखी धातूद्रव्यं त्यांच्याबरोबर मुखाशीच साठतात आणि पुढच्या मोठ्या उधाणाला किंवा वादळात पुन्हा उचलली जातात. सेडिमेंटड्रिफ्ट हे गाळाचं मोड्यूल तळावरून पुन्हा उचललं जाणं दाखवतं, पण पुंजके बनण्याचं रसायन त्यात नाही. बसण्याचा वेग आपणच मोजमापांवरून निवडायचा.

आता आकड्यांबद्दल. ओपनड्रिफ्टला सर्वात जास्त विचारला जाणारा आणि त्याला सर्वात कमी मानवणारा प्रश्न म्हणजे ‘इथे लिटरला किती मिलिग्रॅम?’ कण मोजून प्रमाण काढता येतं, तशी सोय दिलेली आहे. पण एका चौकटीत १०० कण असतील तर मोजणीतली अनिश्चितता १० टक्के आणि ४ कण असतील तर ५० टक्के. नकाशाच्या कडेला, जिथे पाणी स्वच्छ की दूषित हा वाद असतो, तिथे नेमके चारच कण असतात. कण दहापट वाढवा, चौकट मोठी करा, काहीतरी करावंच लागतं. एका सल्लागार संस्थेचा अहवाल माझ्यासमोर आला होता. त्यात गडद लाल ते फिकट निळा असा सुरेख नकाशा होता आणि खाली मिलिग्रॅमचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत. किती कण सोडले, प्रवाह कुठून घेतले, त्यात भरती-ओहोटी होती का, ह्यातलं काहीही नव्हतं. त्या नकाशाच्या भरवशावर मासेमारीच्या जागेचा निर्णय व्हायचा होता. मला त्याचा राग आला आणि तो अजून आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला हा नकाशा तपासायचं साधन नसतं. रंगाला आव्हान कसं देणार?

म्हणूनच हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असणं मला फार मोलाचं वाटतं. दुसरी बाजू तेच गणित, तीच फाईल घेऊन पुन्हा चालवू शकते. कोणती सेटिंग काय होती हे निकालाच्या फाईलमध्ये नोंदलेलं असतं. वाद झाला तर तो आकड्यांवर होतो.

जिवाणूंच्या बाबतीत मात्र कणांची पद्धत झकास जमते. प्रत्येक कणाचं वय नोंदलेलं असतं. सांडपाण्यातले ई. कोलाय समुद्रात मरत जातात. उन्हात भराभर, रात्री आणि गढूळ पाण्यात हळू. समजा ९० टक्के मरायला १० तास लागतात असं धरलं. मग १० तास वयाच्या कणाला एकदशांश वजन द्यायचं, २० तासांच्या कणाला एकशतांश. सकाळी सुटलेला कण दिवसभर ऊन खात जातो, संध्याकाळी सुटलेला पहाटेपर्यंत जवळपास तसाच राहतो. हा फरक धरायला ९० टक्क्यांचा काळ दिवसा वेगळा आणि रात्री वेगळा घेऊन प्रत्येक कणाचा हिशेब करायचा. पायथन येणाऱ्याला पाच-दहा ओळींचं काम आहे. चौकटींवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये पाण्याचं वय असं सहज हाती लागत नाही, इथे ते आयतंच मिळतं. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळच्या पोहणाऱ्यांपर्यंत पोचतं का, ह्या प्रश्नाला इतकं नेटकं उत्तर मला दुसऱ्या साधनातून कमी कष्टांत मिळालेलं नाही.

उलट चालवण्याची सोयही आहे. वेळेचं पाऊल ऋण दिलं की कण मागे जातात आणि पुळणीवर सापडलेल्या घाणीचा माग काढता येतो. फैलाव मात्र मागे गुंडाळता येत नाही. मागे जातानाही ढग पसरतच जातो. म्हणून मिळतं ते स्रोत कुठे असण्याची शक्यता किती, एवढंच. एका कारखान्याकडे बोट दाखवायला तेवढ्यावर भागत नाही, पण नमुने कुठे घ्यायचे हे ठरवायला पुरतं. मी नेहमी उलट चालवून मिळालेल्या प्रत्येक संभाव्य जागेवरून पुन्हा पुढे चालवून पाहते.

हे सगळं वाचून, मग सरळ डेल्फ्टथ्रीडीच का घेऊ नये, असं कोणी विचारेल. प्रश्न प्राणवायूचा असेल तर जरूर घ्या. मिसिसिपी नदीतून येणाऱ्या नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात शैवाल फोफावतं, ते मरून तळाशी कुजतं आणि तिथला प्राणवायू संपतो. २०१७ साली हे मृत क्षेत्र २२,७२० चौरस किलोमीटरवर गेलं, आजवर मोजलेलं सर्वात मोठं. तिथे पोषकद्रव्यं, शैवाल, प्राणवायू, तळातला गाळ ही सगळी एकमेकांवर परिणाम करत असतात. स्वतंत्र कणांना एकमेकांची खबर नसते, त्यामुळे हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यासाठी डेल्फ्टथ्रीडीच्या पाणीगुणवत्ता भागासारखी चौकटींवर चालणारी मॉडेल्सच हवीत. चौकटीच्या मॉडेलांचं आपलं एक दुखणं आहे: गणिताच्या पद्धतीमुळेच ढगाच्या तीव्र कडा पुसट होतात आणि प्रदूषण खऱ्यापेक्षा जास्त पसरलेलं, जास्त सौम्य झालेलं दिसतं. कणांच्या पद्धतीत ते होत नाही. त्यामुळे मोठ्या प्रकल्पात मी दोन्ही वापरते, प्रवाह आणि प्राणवायू तिकडून, प्रवासाची वाट इकडून.

विद्यार्थी, मच्छीमार संघटनांना मदत करणारे अभ्यासक, नियंत्रण यंत्रणांतले तरुण अभियंते, ह्या सगळ्यांनी हे जरूर शिकावं. पायथनची तोंडओळख आणि प्रवाह-वाऱ्याचे आकडे ज्यात साठवतात ती नेटसीडीएफ फाईल म्हणजे काय एवढं माहीत असलं की पहिला नकाशा त्याच दिवशी निघतो. चित्रफीतही एका ओळीत तयार होते, आणि सभेत ती फार कामी येते. आपल्या पुळणीकडे येणारे ठिपके लोकांनी डोळ्यांनी पाहिले की त्यांचे प्रश्न नेमके होतात. कोणी विचारतं, पावसाळ्यात वारा फिरल्यावर काय? कोणी सांगतं, तुमचे कण दांड्याच्या दक्षिणेनं जातात, पण ओहोटीला पाणी उत्तरेच्या चॅनेलनं निघतं. असं सांगणाऱ्याचं ऐकून मी प्रवाहाची फाईल तपासते. प्रवाहमापक टाकणं जमत नसेल तर निदान जीपीएस लावलेले चार तरंगक ओहोटीला सोडून त्यांची वाट कणांच्या वाटेवर ठेवून पाहावी. तरंगकासाठी वाऱ्याची सेटिंग वेगळी घ्यावी लागते, तेवढं विसरू नका.